रणगाड्याचा व्हेरियंट नेमका कसा ओळखायचा? स्केल मॉडेल करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महूची छावणी शेजारीच असल्याने इंदुरातल्या पोरांना रणगाड्यांचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. अडचण येते ती किट हातात पडल्यावर. खोक्यावर एक नाव असतं, फोटोत दुसराच रणगाडा दिसतो आणि सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमवर तिसऱ्याच आवृत्तीचे भाग उरलेले असतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं १:३५ साठी, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलसाठी दिली आहेत. १:७२ वर काम करणाऱ्यांनी ती साधारण निम्मी धरावीत.

ओळखायला सुरुवात कुठून करायची? तोफेपासून का?

तोफ सगळ्यात शेवटी. नवशिक्याची नजर आधी नळीवर जाते आणि फसगतही तिथेच होते, कारण रणगाड्याच्या आयुष्यात तोफ बदलली जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. भारतीय टी-५५ कारखान्यातून १०० मिमीची तोफ घेऊन आले, पुढे त्यांतल्या अनेकांवर १०५ मिमीची चढली. सेंच्युरियनवर आधी २० पौंडर (जुनी ब्रिटिश तोफ) होती, नंतर १०५ मिमीची एल७ आली.

म्हणून खालून वर वाचायचं. आधी चाकांची संख्या आणि त्यांच्यातली अंतरं, मग हलचं (रणगाड्याच्या धडाचं) नाक, मग इंजिनावरचा डेक (मागचं छत), मग टरेटचा (तोफेच्या फिरत्या बुरुजाचा) आकार, मग छतावरची झाकणं. तोफ, दिवे, पेट्या आणि धुराचे गोळे फेकणाऱ्या नळ्या अगदी शेवटी. टॉर्शन बार (चाकांना उसळी देणारे पोलादी दांडे) कुठे बसतात ते हल बांधतानाच ठरलेलं असतं. दिवा मात्र वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात इकडचा तिकडे होतो.

एक खबरदारी घ्या. चाकांतली अंतरं भरवशाची असतात, चाकाचं डिझाइन तितकं नाही. मोठ्या दुरुस्तीला गेलेल्या टी-५४ ला टी-५५ ची चाकं लागलेली सर्रास दिसतात.

किती फोटो लागतात?

एकाच गाडीचे तीन: बाजूने, समोरून तिरपा आणि मागून किंचित वरून. तिसरा सगळ्यात दुर्मिळ, पण इंजिनाचा डेक त्यातच दिसतो. तीन वेगवेगळ्या गाड्यांचे तीन फोटो जोडून एक मॉडेल केलं, तर जगात कधी नसलेला रणगाडा तयार होतो. मागचा फोटो मिळतच नसेल तर त्याच तुकडीच्या, त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीचा घ्या आणि तो उसना आहे हे टिपून ठेवा.

टी-५४, टी-५५ आणि टी-६२ यांत कायम गोंधळ होतो. झटपट फरक कोणता?

तिघांनाही प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं आणि वर एकही रिटर्न रोलर (ट्रॅकचा, म्हणजे पट्ट्याचा वरचा भाग तोलणारं छोटं चाक) नाही. अंतरं बघा. टी-५४ आणि टी-५५ मध्ये पहिल्या-दुसऱ्या चाकांत ठळक फट असते, बाकीची चाकं जवळजवळ. टी-६२ मध्ये फटी मागे सरकतात, तिसऱ्या-चौथ्या आणि चौथ्या-पाचव्या चाकांमध्ये. ताडपत्रीखाली झाकलेला रणगाडासुद्धा एवढ्यावरून वेगळा काढता येतो.

दुसरी खूण फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे नळीवरचा तो फुगीर डबा. टी-५५ च्या १०० मिमी नळीवर तो अगदी तोंडाशी असतो, टी-६२ च्या ११५ मिमी नळीवर तोंडापासून बराच मागे.

टी-५४ की टी-५५, हे टरेटच्या छतावर ठरतं. टी-५४ ला लोडरच्या (तोफेत गोळे भरणाऱ्याच्या) झाकणापुढे उजवीकडे मशरूमसारखा घुमटाकार व्हेंटिलेटर आहे, टी-५५ ला नाही. बाजूच्या फोटोतही हा उंचवटा दिसतो. विमानविरोधी मशीनगनवरून मात्र निष्कर्ष काढू नका. सुरुवातीच्या टी-५५ वरून ती काढून टाकली होती, पुढे परत बसवली गेली.

टी-५४ चे पोटप्रकार टरेटच्या खालच्या कडेवरून कळतात. १९४६ च्या टरेटची कड सगळीकडून आत वळलेली, १९४९ च्या टरेटची फक्त मागून, आणि १९५१ चं टरेट उलट्या वाटीसारखं. किटच्या खोक्यांवर यांनाच टी-५४-१, -२ आणि -३ म्हणतात. फेंडरवर (ट्रॅकच्या वरच्या पत्र्यावर) मशीनगनच्या पेट्या दिसल्या तर १९४६ चं मॉडेल नक्की.

ट्रॅक विकत घेण्याआधी स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात मोजा. जुन्या ओएमएसएच ट्रॅकला १३ दातांचं स्प्रॉकेट, नंतरच्या आरएमएसएचला १४ दातांचं. किटमध्ये १३ दातांचं चाक आणि वेगळा आणलेला ट्रॅक आरएमएसएच असला, की दात आणि कडी जुळत नाहीत. दोष ट्रॅकचा समजून लोक तो परत पाठवतात.

भारतीय टी-५५ करायचा आहे. सरळ १०५ मिमीची नळी लावली की झालं का?

नळीच्या छिद्रावरून कुणाला काही कळणार नाही. १:३५ मध्ये १०० मिमी म्हणजे २.८६ मिमी आणि १०५ मिमी म्हणजे ३ मिमी. डोळ्याला दिसतो तो फ्यूम एक्स्ट्रॅक्टर तोंडाकडून मागे सरकलेला आणि नळीवरचं थर्मल स्लीव्ह (उष्णतेपासून बचाव करणारं आवरण). सेंच्युरियनसाठी मिळणारी एल७ नळी जशीच्या तशी ठोकून देऊ नका. ज्या गाडीचं मॉडेल करताय तिच्या फोटोत स्लीव्हचे पट्टे कुठे आहेत ते पाहून बसवा. पट्ट्यांना ०.१ मिमीची ॲल्युमिनियम पत्री पुरते, शीतपेयाच्या कॅनची चालते.

टी-७२ चे इतके प्रकार आहेत. एम आणि एम१ वेगळे कसे काढायचे?

सुरुवात मूळच्या टी-७२ पासून करू, म्हणजे १९७३ च्या 'उराल'पासून. त्याला ऑप्टिकल रेंजफाइंडर (अंतर मोजणारं उपकरण) होता, म्हणून टरेटच्या पुढच्या उजव्या बाजूला त्याची दुसरी खिडकी दिसते. 'लूना' हा इन्फ्रारेड सर्चलाइट तोफेच्या डावीकडे आणि फेंडरला माशाच्या कल्ल्यांसारखी उघडणारी पानं. टी-७२ए मध्ये लेझर रेंजफाइंडर आल्याने ती खिडकी गेली, लूना तोफेच्या उजवीकडे आला, कल्ल्यांच्या जागी सलग स्कर्ट (ट्रॅक झाकणारा पडदा) आला आणि टरेटवर धुराच्या १२ नळ्या बसल्या, डावीकडे ७ आणि उजवीकडे ५.

एम आणि एम१ हे निर्यातीचे प्रकार. एम१ च्या टरेटचे गाल जाड असतात. हे समोरून नीट कळत नाही, वरून पाहावं लागतं: तोफेच्या दोन्ही बाजूंनी टरेट फुगलेलं दिसतं. दुसरं, एम१ च्या पुढच्या उतरत्या पत्र्यावर १६ मिमीची जादा पोलादी पत्री वेल्ड केलेली आहे. १:३५ मध्ये ती ०.४६ मिमी, म्हणजे बाजारातली ०.५ मिमीची प्लास्टिक शीट तंतोतंत चालते. एम च्या किटमधून एम१ काढणारे ही शीट लावतात आणि टरेट तसंच ठेवतात. मग हल एम१ चा आणि डोकं एम चं असा प्रकार होतो. टरेट बदलायचंच नसेल तर एम च करा, त्यात कमीपणा काही नाही.

चेन्नईजवळच्या आवडी इथल्या टँक कारखान्यात बनलेला आपला 'अजेय' टी-७२एम१ वर आधारलेला आहे. तामियाचं जुनं टी-७२एम१ किट त्यासाठी अजूनही चांगला पाया आहे. टी-७२बी चं किट अजेयसाठी घेऊ नका: त्याचे गाल आणखी जाड आणि धुराच्या नळ्या सगळ्या डावीकडे. ते उलट फिरवण्यात मजा नाही.

टी-९०ए चं किट आहे. त्यातून 'भीष्म', म्हणजे भारतीय टी-९०एस होईल का?

होईल, पण आधी ते दोन लाल डोळे काढा. तोफेच्या दोन्ही अंगांना असणारे 'श्तोरा'चे (क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या यंत्रणेचे) दिवे भारतीय टी-९०एस वर नाहीत. त्या जागी कॉन्टॅक्ट-५ या स्फोटक चिलखताचे ठोकळे आहेत, ते ०.५ आणि १ मिमीच्या शीटमधून करता येतात. टरेटही तपासा. भारताला आलेल्या पहिल्या खेपेतल्या गाड्यांचं टरेट ओतीव, गोलसर होतं, नंतरच्यांचं वेल्ड केलेलं, कोनदार. टी-९०ए च्या किटमध्ये वेल्ड केलेलंच मिळतं, म्हणून या किटसाठी संदर्भ फोटोही नंतरच्या गाडीचाच निवडा.

शर्मनचं कोडं कसं सोडवायचं? नावं एम४ पासून एम४ए४ पर्यंत, आणि जुन्या भारतीय लिखाणात तर 'शर्मन फाइव्ह' म्हणतात.

आधी नावांचा हिशेब. ब्रिटिश पद्धतीत शर्मन १ म्हणजे एम४, २ म्हणजे एम४ए१, ३ म्हणजे एम४ए२, ४ म्हणजे एम४ए३ आणि ५ म्हणजे एम४ए४. पुढचं अक्षर तोफेचं: ए म्हणजे ७६ मिमी, बी म्हणजे १०५ मिमीची हॉवित्झर, सी म्हणजे १७ पौंडर. वाय असेल तर एचव्हीएसएस, म्हणजे आडव्या स्प्रिंगांचं सस्पेंशन. आपल्या रेजिमेंटांनी ही पद्धत उचलली, म्हणून ती पाठ असलेली बरी.

शर्मनच्या या आकड्यांचा तोफेशी काही संबंध नाही, ते मुख्यतः इंजिनावरून पडले आहेत. म्हणून शर्मन मागून ओळखायचा. एम४ आणि एम४ए१ मध्ये विमानाचं रेडियल इंजिन, डेकवर टरेटच्या मागे हवेच्या तोंडावर एक चिलखती झाकण. एम४ए२ मध्ये जुळी डिझेल इंजिनं, एम४ए३ मध्ये फोर्डचं व्ही-८. या दोघांच्या डेकवर मोठ्या जाळीची दारं. एम४ए४ मध्ये क्रायस्लरने पाच मोटारींची इंजिनं एकत्र बांधून ३० सिलिंडरचा राक्षस बनवला, त्यासाठी हल लांबवावा लागला आणि डेकवर एक फुगवटाही आला.

हा लांबवलेला हल बाजूच्या फोटोत ओळखता येतो. शर्मनची चाकं जोडीजोडीने बॉगीत असतात. एम४ए४ मध्ये या तीन बॉग्यांतली अंतरं मोठी आणि सारखी दिसतात, बाकीच्यांत त्या एकमेकींना खेटून. ट्रॅकच्या कड्या एम४ए४ ला एका बाजूला ८३, इतर व्हीव्हीएसएस (उभ्या स्प्रिंगांच्या) शर्मनना ७९. किटमध्ये ७९ कड्यांचा रबरी ट्रॅक आणि हल एम४ए४ चा असेल तर ट्रॅक पुरणार नाही. एक कडी सुमारे ४.३५ मिमी, तेव्हा दर बाजूला १७ मिमी कमी पडतो. ताणून बसवलात तर उन्हाळ्यात आयडलरचा (ट्रॅक ताणून धरणाऱ्या टोकाच्या चाकाचा) आस वाकतो.

मग हलचं नाक. एम४ए१ चा हल पूर्ण ओतीव आणि कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. बाकीचे पत्रे वेल्ड केलेले. फक्त एम४ चा एक प्रकार पुढून ओतीव, मागून वेल्ड केलेला आहे. समोरचा फोटो पाहून त्याला एम४ए१ म्हणून मोकळं होणारे पुष्कळ. बाजूची मागची कड सरळ, धारदार आहे का ते पाहा. वेल्ड केलेल्या हलचा पुढचा पत्रा जुन्या गाड्यांत उभ्या रेषेपासून ५६ अंश कललेला, ड्रायव्हरची झाकणं लहान आणि पुढे आलेली. नंतर ४७ अंश, मोठी झाकणं आणि एकसंध पत्रा. कंपासपेटीतला कोनमापक फोटोवर ठेवला की काम होतं.

१९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे शर्मन होते. ते मॉडेल करणाऱ्यांनी मूळ प्रकार डेकवरून आधी पक्का करावा, तोफेचं नंतर बघता येतं.

पॅटन एम४७ होता की एम४८?

१९६५ मध्ये पाकिस्तानकडे दोन्ही होते, आणि देशभर चौकाचौकांत उभे असलेले 'पॅटन' दोन्ही प्रकारांतले आहेत. रिटर्न रोलर मोजून भागत नाही, कारण एम४७ ला तीन, एम४८ आणि एम४८ए१ ला पाच, आणि एम४८ए२ ला पुन्हा तीन. नाक पाहा. एम४७ चा पुढचा पत्रा सपाट, ड्रायव्हरच्या शेजारी दुसरा माणूस, त्याचं वेगळं झाकण आणि पत्र्यातून डोकावणारी मशीनगन. एम४८ चं नाक होडीच्या तळासारखं गोल, ड्रायव्हरचं एकच झाकण मधोमध. टरेट एम४७ चं लांबट, मागे शेपटासारखं निमुळतं, एम४८ चं पालथ्या कढईसारखं.

सेंच्युरियन आणि विजयंता दुरून सारखेच वाटतात.

दोघांनाही सहा चाकं आणि एल७ तोफ असली की वाटतातच. विजयंताच्या चाकांवर तीन रिटर्न रोलर उघडे दिसतात आणि सस्पेंशन टॉर्शन बारचं. सेंच्युरियनची चाकं जोड्यांत टांगलेली असतात, जोड्यांमधल्या फटी दिसतात. स्कर्ट लावलेले असतील तर टरेटवर जा. सेंच्युरियनचं पुढून ओतीव, वळणदार, विजयंताचं वेल्ड केलेल्या पत्र्यांचं. पहिला विजयंता आवडीतून १९६५ च्या अखेरीस बाहेर पडला, तेव्हा १९६५ च्या लढाईच्या देखाव्यात तो ठेवू नका.

सेंच्युरियनवरची तोफ: २० पौंडरच्या ए नळीवर फ्यूम एक्स्ट्रॅक्टर नाही, बी नळीवर आहे. एल७ वर तो नळीच्या मध्यावर एकीकडे झुकलेला असतो, खाली कमी आणि वर जास्त. किटमधला तो उलटा चिकटवणं ही फार होणारी चूक आहे.

बीएमपी-१, बीएमपी-२ (सैनिक वाहणाऱ्या चिलखती गाड्या) आणि पीटी-७६ (पाण्यावर तरंगणारा हलका रणगाडा) बद्दल थोडक्यात?

बीएमपी-१: एका माणसाचं छोटं टरेट, आखूड ७३ मिमी तोफ, मागे सैनिकांच्या डब्यावर चार झाकणं. बीएमपी-२: दोन माणसांचं रुंद टरेट, ३० मिमीची लांब बारीक नळी, मागे दोन झाकणं. मेडकला बनणारी 'सारथ' ही बीएमपी-२ च. टरेटांची अदलाबदल करून किट वाचवायला जाऊ नका, टरेटची रिंगच लहान-मोठी आहे.

पीटी-७६ चा मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा भाग) पाहा. अनेक खाचांचा लांब ब्रेक असेल तर पहिलं मॉडेल. दोन पडद्यांचा आखूड ब्रेक आणि नळीवर फ्यूम एक्स्ट्रॅक्टर असेल तर दुसरं.

जर्मन टायगरच्या खोक्यावर 'अर्ली', 'मिड', 'लेट' लिहितात. हे अधिकृत प्रकार आहेत का?

ही नावं संग्राहक आणि मॉडेल करणाऱ्यांच्या सोयीची. कारखान्यात बदल एकेक करून येत गेले. उंच डब्यासारखा कपोला (टरेटवरचा कमांडरचा छोटा घुमट) जाऊन जुलै १९४३ मध्ये बसका ओतीव आला. रबरी धावांच्या चाकांऐवजी पोलादी चाकं फेब्रुवारी १९४४ पासून. झिमेरिटचा लेप (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून) १९४३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून सप्टेंबर १९४४ पर्यंत. डब्यासारखा कपोला आणि पोलादी चाकं एकत्र दिसली, तर ती गाडी दुरुस्तीत बदललेली असते किंवा किट चुकलेलं असतं.

संग्रहालयातला किंवा चौकातला रणगाडा पाहून मॉडेल केलं तर चालेल ना?

मापांसाठी उत्तम, तपशिलासाठी जपून. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे आणि इंदूरहून गाडीने जाण्यासारखं आहे. एकदा जाऊन डेक आणि टरेटची छतं नीट पाहिली तरी निम्मी कोडी सुटतात. स्मारकावरच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. झाकणं वेल्ड करून बंद केलेली, दिवे गेलेले, हरवलेल्या चाकाच्या जागी दुसऱ्याच रणगाड्याचं चाक, आणि दर २६ जानेवारीच्या आधी चढणारा चकचकीत हिरवा ऑइलपेंट. त्या रंगाखाली ओतीव पोलादाचा खरबरीतपणाही बुजतो. महूच्या छावणीत किंवा कुठल्याही लष्करी आवारात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

फोटोवरून माप कसं काढायचं?

रोडव्हीलचा व्यास हीच फूटपट्टी. टी-५५ चं चाक ८१० मिमी, म्हणजे मॉडेलवर २३.१ मिमी. टी-७२ चं ७५०, म्हणजे २१.४ मिमी. अगदी बाजूने काढलेल्या फोटोत चाक १८० पिक्सेल भरलं, तर टी-५५ साठी एक पिक्सेल ४.५ मिमी.

हे प्रमाण फक्त चाकांच्या पातळीतल्या वस्तूंना लागू पडतं. तोफ गाडीच्या मध्यावर असते, कॅमेऱ्यापासून सुमारे दीड मीटर आणखी लांब. चाकांपासून १० मीटरवरून काढलेल्या फोटोत तोफ सुमारे १३ टक्के आखूड भरते. मोजलेल्या लांबीला ११.५ ने गुणून १० ने भागा. फोटो ४० मीटरवरून झूम करून काढला असेल तर चूक चार टक्क्यांच्या आत येते. व्यास आडवा आणि उभा असे दोन्ही मोजा. आडवा कमी भरला तर फोटो तिरपा आहे, तो सोडून द्या.

गाडीच्या लष्करी नंबरावरून काही कळतं का?

भारतीय नंबरात वर बाण असतो आणि बाणानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात आल्याचं वर्ष सांगतात. फोटो त्या वर्षीचा किंवा नंतरचा आहे एवढं पक्कं. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) मात्र तुमच्याच फोटोतल्या नंबराचं लावा.

किटमध्ये चुकीच्या व्हेरियंटचा भाग आहे. टी-५४ चा घुमट काढायचा झाला तर कसा?

बारीक दातांच्या करवतीने छतापासून अर्धा मिमी वर कापा, पात्याने सपाट करा. भोक पडलं तर आतून १ मिमीची शीट चिकटवून एक रात्र वाळू द्या आणि मगच वरून पुट्टी भरा. उलट क्रमाने केलं तर महिन्याने तिथे खळगा पडतो, कारण पातळ सिमेंट आतल्या आत वाळताना प्लास्टिक ओढतं. ४००, मग ६०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. शेवटी ओतीव पोताची भरपाई: पातळ सिमेंटचा एक हात देऊन जुन्या, ताठ ब्रशने उभे ठोके द्या. छत गुळगुळीत राहिलं तर प्राइमर मारताच ठिगळ दिसतं. आणि घुमट गेला म्हणून टी-५४ चा टी-५५ झाला असं नाही, चाकं आणि डेक फोटोशी ताडून पाहा.

हे सामान इंदुरात मिळतं का?

पॉलिश पेपर, फेव्हिक्विक, एम-सील सियागंजात. केबल आणि हँडलसाठी ०.३ मिमीची इनॅमल तार जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. सनबोर्ड मात्र आणू नका, तो पीव्हीसी फोम आहे, कड भुसभुशीत येते आणि मॉडेलच्या सिमेंटने नीट जुळत नाही. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन शीट मागा. कोपऱ्यावर सिमेंटचा थेंब टाकल्यावर ती मऊ झाली तर तीच.

डेकल भिजवायला बोअरिंगचं पाणी नको, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. बॅटरीचं पाणी वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारला तर हवेतल्या ओलाव्याने रंगावर दुधासारखी साय येते. पाऊस उघडेपर्यंत थांबा, किंवा थिनरमध्ये रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव) घालून दुपारी मारा.